गरोदरपणातील स्तनदुखी : साधी कोणती, धोक्याची कोणती?

दिवस गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच स्तन जड व हुळहुळे होतात. शरीरातील संप्रेरकांमुळे दूधग्रंथींची वाढ होते व तेथील रक्तपुरवठा वाढतो, हे त्याचे कारण होय. ही वेदना बहुधा दोन्ही बाजूंस सारखी असते, तिच्यासोबत ताप नसतो आणि तीन महिन्यांनंतर ती पुष्कळदा आपोआप कमी होते. पुढे पिवळसर चीक थोडा पाझरला, तरी तो रोग नव्हे. आधार देणारी, पण न काचणारी सुती वस्त्रे वापरावीत. चीक पिळून काढू नये.

परंतु एकाच स्तनाचा काही भाग लाल, कढत व टणक झाला, ठणका लागला, हुडहुडी भरून ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक झाला, तर जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा. असा स्तनदाह मुख्यतः अंगावर पाजणाऱ्या मातांना होतो. गरोदरपणी तो क्वचित आढळतो. म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. उपचारास विलंब झाल्यास आत पू होऊन गळू धरते आणि जोराचा ताप गर्भासही बाधक ठरू शकतो.

अशा वेळी चुना, बिब्बा लावणे किंवा डाग देणे अपायकारक आहे. घरात उरलेल्या गोळ्याही घेऊ नयेत. टेट्रासायक्लिनसारख्या औषधाने बाळाच्या दातांवर व हाडांवर परिणाम होतो. गरोदर स्त्रीस चालणारी प्रतिजैविके निराळी असून ती डॉक्टरच ठरवितात. गळू घरी फोडू नये.

स्तनात गाठ लागली, बोंडातून रक्त आले किंवा त्वचा आत ओढली गेली, तर दुखत नसले तरी तपासणी करावी. गरोदरपणातही क्वचित कर्करोग होतो. स्तनाच्या सोनोग्राफीने गर्भास अपाय होत नाही.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दरमहा ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तथापि ताप व लाली असल्यास त्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्र गाठावे. लाजेपोटी अनेक स्त्रिया हे दुखणे सांगत नाहीत. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया, आशा कार्यकर्त्या व शिक्षिका यांनी आपुलकीने विचारपूस केल्यास वेळीच उपचार होऊन माता व बालक दोघेही सुखरूप राहतील.