टॉन्सिल्स काढायच्या कुणाच्या?

१९३४च्या एका पाहणीत न्यूयॉर्कच्या १,००० शाळकरी मुलांचे घसे तपासले गेले. ६११ जणांच्या टॉन्सिल्स आधीच काढलेल्या होत्या. उरलेल्या ३८९ पैकी १७४ जणांना डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. ‘गरज नाही’ म्हणून सोडलेली २१५ मुले दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, तर त्यांनी आणखी ९९ निवडली. तिसऱ्या फेरीत ५१! घसे तेच, बदलले ते फक्त तपासणारे.

या मनमानीला आवर घालणारा अभ्यास पिट्सबर्गमधून १९८४ साली आला. वर्षात सात वेळा, सलग दोन वर्षे पाच-पाच वेळा किंवा तीन वर्षे तीन-तीन वेळा घसा बिघडलेल्या मुलांनाच त्यात घेतले होते. शस्त्रक्रिया झालेल्यांचा त्रास पहिली दोन वर्षे स्पष्टपणे कमी राहिला. मात्र शस्त्रक्रियेविना राहिलेल्यांतही अनेकांचा त्रास आपोआप ओसरला. सात-पाच-तीनचा हा हिशेब आजही वापरला जातो.

मोठ्यांबाबतचा पुरावा उशिरा, २०२३ साली मिळाला. ब्रिटनमधील २७ रुग्णालयांतल्या ४५३ प्रौढांच्या चाचणीत दोन वर्षांतील घसादुखीचे मध्यक दिवस शस्त्रक्रियेनंतर २३, तर तिच्याविना ३० भरले. फायदा खरा, पण बेताचा. शिवाय रक्तस्रावाचा धोका असतोच.

शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर घसा केव्हा-केव्हा बिघडला त्याच्या तारखा लिहून डॉक्टरांकडे न्या.