विक्रीपूर्वी घराचे दर्शनी रूप

बाजारपेठेतले वडिलोपार्जित घर विकण्याचा निर्णय सहजासहजी होत नाही. खाली पेढी, वर बिऱ्हाड अशा वास्तूत दोन-तीन पिढ्या नांदलेल्या असतात. एकदा निर्णय झाला, की पहिला निरोप बहुधा रंगाऱ्याला जातो. वास्तविक त्याची पाळी शेवटी यावयास हवी.

घेणारा घर प्रथम रस्त्यावरून पाहतो आणि उंबरा ओलांडण्यापूर्वीच मनाशी किमतीचा अंदाज बांधतो. म्हणून दर्शनी भागावरील खर्च अनाठायी नव्हे. मात्र त्याला क्रम असावा. आधी पाण्याची वाट पाहावी. तुंबलेली पन्हाळ, गच्चीवरून उतरणारा फुटका नळ, भेगेत रुजलेला पिंपळ ही ओलीची नेहमीची कारणे. पिंपळ नुसता छाटला तर पुन्हा फुटतो. मुळासकट काढून भेग बुजवावी लागते. त्यानंतर सुटलेला गिलावा व जोत्याच्या दर्जा भरून घ्याव्यात. सिमेंटचा नवा गिलावा वाळण्यास साधारण २८ दिवस द्यावेत आणि मगच रंग लावावा. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीवर तैलरंग चढवू नये. आतला ओलावा कोंडतो, लोणा फुटतो आणि पोपडे सुटतात. तेथे चुन्याची सफेदीच हितकारक. सागवानी दरवाजास तेलाचा हात, कठड्यास गंजरोधक रंग, स्वच्छ अंगण आणि जिन्यात उजेड एवढे केले तरी अल्प खर्चात घराला टवटवी येते. सोसायटीतील सदनिका असेल, तर बाहेरच्या भिंतीला हात लावण्यापूर्वी संस्थेची परवानगी घ्यावी.

घेणारा कर्ज काढणार असेल, तर बँकेचा मूल्यांकनकार येतो. तो बांधकामाचे वय, मजबुती, क्षेत्रफळ आणि मंजूर नकाशा पाहतो. रंगाच्या छटेने त्याचा आकडा फारसा वाढत नाही. म्हणून पुढील भाग खुलवण्याच्या हौसेने विनापरवाना सज्जा वा ओटा वाढवणे महागात पडते.

खरा प्रश्न सचोटीचा आहे. ओलीवर रंग मारून सौदा केला, इसार घेतला, आणि खरेदीखतापूर्वी पावसाची एक झड आली, की डाग उमटतो आणि बोलणी फिसकटतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधील कलम ५५ प्रमाणे, विक्रेत्यास ठाऊक असलेला, पण घेणाऱ्यास साधारण दक्षतेने न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. करारात वेगळे ठरले असेल तर गोष्ट निराळी.

पेठेत माणसाची पत मालाच्या खरेपणावर ठरते, आणि घर हाही मालच. दुरुस्ती केली असल्यास गवंड्याचे व प्लंबरचे बिल जपून ठेवावे आणि घेणाऱ्यास आपण होऊन दाखवावे. गळती कोठे होती, ती कशी थांबवली, हे सांगणाऱ्या विक्रेत्याच्या शब्दाला भावाच्या घासाघिशीतही वजन राहते.