विश्लेषण : कारखाना थंडावला, तरी वीजबिल का उतरत नाही?

डोंबिवली एमआयडीसीतील कापड रंगाईचा कारखाना असो की ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील यंत्रभागांचा, मंदीच्या महिन्यात मालकाला एक प्रश्न हमखास पडतो. विजेचा वापर निम्म्याहून खाली आला, मग बिल निम्मे का झाले नाही? याचे उत्तर युनिटच्या रकान्यात सापडत नाही. ते ‘मागणी आकार’ या रकान्यात असते.

करारमागणी म्हणजे काय?

जोडणी घेताना एका वेळी जास्तीत जास्त किती केव्हीए भार लागेल, हे ग्राहक वितरण कंपनीशी ठरवतो. हीच करारमागणी, उद्योजकांच्या बोलण्यातली ‘कॉन्ट्रॅक्ट डिमांड’. तेवढा भार कधीही उचलला जाईल म्हणून उपकेंद्र, वाहिनी, रोहित्र सज्ज ठेवावे लागते. मागणी आकार या सज्जतेचा असतो, युनिटचे पैसे वेगळे. 20 किलोवॉटपर्यंतच्या दुकानाला दरमहा ठरलेला स्थिर आकार लागतो; त्यापुढे केव्हीएचा हिशेब सुरू होतो. नवी भट्टी आणि दोन एसी बसवणाऱ्या हॉटेलचालकाने ही रेषा आधी पाहावी. कळवा-मुंब्रा आणि भिवंडीत वितरण टोरंट पॉवरकडे असले, तरी दररचना राज्य वीज नियामक आयोगाचीच आहे.

अर्धा तास महागात कसा पडतो?

मीटर सलग 30 मिनिटांच्या टप्प्यांत मागणी मोजतो. अर्ध्या तासात 140 केव्हीए-तास वापरले, तर मागणी दुप्पट, म्हणजे 280 केव्हीए. मोटार सुरू होतानाच्या काही सेकंदांच्या झटक्याला अनेक जण घाबरतात, पण त्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते सगळी यंत्रे अर्धा तास एकत्र चालल्याने.

आयोगाच्या 2020 च्या दरआदेशानुसार उच्चदाब ग्राहकाची बिलाची मागणी ठरवताना तीन आकडे पाहिले जात होते: सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेतील त्या महिन्याची प्रत्यक्ष कमाल मागणी, करारमागणीच्या मर्यादेत मागील 11 महिन्यांतील उच्चांकी बिलमागणीचे 75 टक्के आणि करारमागणीचा ठरवून दिलेला किमान हिस्सा. यांतला सर्वांत मोठा आकडा बिलात येत असे.

हिशेबापुरता दर केव्हीएमागे 500 रुपये धरू. करारमागणी 240 केव्हीए, आणि दिवाळीच्या हंगामात ती पूर्ण वापरली गेली. पुढे ऑर्डर आटल्या, मागणी 90 वर आली. तरी बिल 180 केव्हीएचे, म्हणजे 90 हजार रुपये. प्रत्यक्ष वापरानुसार 45 हजारच झाले असते.

करार ओलांडला तर?

याच कारखान्याने 280 केव्हीए गाठले, तर 280 चे 1 लाख 40 हजार आणि जादा 40 केव्हीएवर दीडपट दराने आणखी 30 हजार. याच आदेशानुसार उच्चदाब उद्योगांना भारांक 75 टक्क्यांच्या वर गेल्यास सवलत मिळत असे. बिलाची मागणी करारापेक्षा जास्त झाली, की त्या महिन्यापुरती तीही जात असे. दंड दिसतो, ही गमावलेली सवलत मात्र सहसा कोणी मोजत नाही. वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा करार ओलांडल्यास पुरवठा संहितेनुसार कारवाई होते.

टाळेबंदीत या रचनेची धग सर्वांना बसली. 25 मार्च 2020 पासून यंत्रे बंद, पण मागणी आकार चालूच. आयोगाने औद्योगिक व वाणिज्यिक ग्राहकांना तीन बिलचक्रांपुरता स्थिर आकार भरण्यास स्थगिती दिली. तो पुढे ढकलला होता, माफ केला नव्हता.

मग करारमागणी कमी करून घ्यावी का?

त्याआधी पॉवर फॅक्टर तपासावा. 200 किलोवॉटचा भार 0.8 पॉवर फॅक्टरला 250 केव्हीए मागतो, 0.98 ला सुमारे 204. कपॅसिटर नीट असतील, तर उत्पादनाला हात न लावता 46 केव्हीए वाचतात. कॉम्प्रेसर आणि रंगाईची यंत्रे पाळीपाळीने चालवली, तर मागणी आणखी उतरते.

त्यानंतर 12 महिन्यांच्या बिलांतील कमाल मागणी एका कागदावर मांडावी. एखादाच महिना उंच आणि बाकी सगळे निम्म्यावर असतील, तर अर्ज करण्यात अर्थ आहे. करारमागणी वाढवण्याची वा घटवण्याची मागणी ग्राहक करू शकतो. घाई मात्र नको. पुढे काम वाढले आणि भार परत हवा झाला, त्यासाठी वाहिनी किंवा रोहित्राची नवी कामे करावी लागली, तर तो खर्च ग्राहकाकडून वसूल होऊ शकतो.