ऐकणे आणि चर्चा करणे : खेड्यातील एका प्रयोगाची ओळख

प्रबोधनाचे काम करताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो. व्याख्यान झाले, लोकांनी शांतपणे ऐकले, म्हणजे विचार पोहोचला. तो खरोखर पोहोचतो काय, हे १९५६ साली मराठी खेड्यांत मोजून पाहिले गेले. मोजणारे संशोधक होते डॉ. पॉल नॉयराथ.

त्यांचा जन्म १९११ साली व्हिएन्नात झाला. १९३८ मध्ये नाझींनी त्यांना पकडून दाखाऊ व नंतर बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबले. सुटकेनंतर ते पुढे अमेरिकेत गेले आणि ज्या कोलंबिया विद्यापीठात पूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेथेच त्यांनी छळछावणीतील समाजजीवनावर प्रबंध लिहिला. माणसे एकत्र आली की त्यांच्यात काय घडते, हा प्रश्न त्यांनी नुसता पुस्तकातून घेतलेला नव्हता.

ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत असताना आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग हाती घेतला. कल्पना कॅनडातील शेतकऱ्यांच्या श्रोता मंडळांवरून घेतली होती. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथूर यांचा त्यात पुढाकार होता. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषिक जिल्ह्यांत सुमारे १५० गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावात साधारण २० जणांचे मंडळ, त्याला एक अध्यक्ष व एक लिहिता-वाचता चिटणीस. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. तो संपला की मंडळी उठून जात नसत. ऐकलेल्या विषयावर आपसात चर्चा करीत. चिटणीस ती लिहून काढी, न सुटलेले प्रश्न पुण्याला पाठवी, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत.

नॉयराथ यांची हुशारी तुलनेत होती. मंडळ असलेली काही गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली काही गावे आणि रेडिओच नसलेली काही गावे त्यांनी शेजारी-शेजारी ठेवली. प्रयोगापूर्वी व नंतर गावकऱ्यांना तेच प्रश्न विचारले गेले. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती फारच थोडी वाढली. म्हणजे आवाज तोच, कार्यक्रम तोच, फरक पडला तो चर्चेने. आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवली : ही मंडळे लवकरच गावाचे निर्णय घेऊ लागली, आणि सामाईक कामे पुढे नेण्यात ती निवडून आलेल्या पंचायतीपेक्षाही चपळ ठरू शकत.

हे एकट्याचे काम नव्हते. ज्याला मराठी येत नाही असा संशोधक खेड्यात काय विचारणार? मुलाखती घेणारे, कार्यक्रम रचणारे, चर्चा टिपून ठेवणारे चिटणीस, या सर्वांची त्यात मेहनत आहे. माथूर व नॉयराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. त्याच सुमारास सरकारने ही योजना देशभर नेली, हजारो मंडळे निघाली, आणि घानासारख्या आफ्रिकन देशातही असा प्रयोग झाला. पुढे मात्र आपल्याकडील मंडळे ओसरली. गावोगाव मंडळ जिवंत ठेवणे हे कार्यक्रम प्रक्षेपित करण्यापेक्षा फार अवघड.

त्या वेळी आपला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला. त्यामुळे चारठाणा त्या प्रयोगात असण्याचा प्रश्नच नव्हता. परंतु त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मक्रांती झाली, आणि तेव्हापासून श्रवण हा आपल्या सामाजिक जीवनाचा मोठा भाग आहे. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, सरणत्तय घेऊन घरी जातात. आता तर प्रवचन मोबाईलवर येते आणि ज्याचा तो कानाला लावून एकटाच ऐकतो. नॉयराथ यांच्या भाषेत हे रेडिओ असलेले पण मंडळ नसलेले गाव होय.

विद्यार्थ्यांनी येत्या वर्षावासात एक करून पाहावे. वाचन निम्म्यावर आणावे आणि उरलेला वेळ वीस-वीस जणांच्या गटांना द्यावा. वाचता न येणाऱ्या आजींना व शेतमजूर भगिनींना आधी बोलू द्यावे, शिकलेल्यांनी नंतर. एकाने वहीत प्रश्न उतरवावेत, आणि पुढच्या वाचनाची सुरुवात त्या प्रश्नांच्या उत्तरांनी करावी.