तंबूआधी पाण्याचा हिशेब

दिवाळी सरली की तंबू आणि स्लीपिंग बॅग घेऊन बाहेर पडणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गे हरसूलकडे जाणारा रस्ता अशा मंडळींना खुणावतो, यात नवल नाही. शहरापासून ५०-६० किलोमीटरवर मोकळे माळ आहेत, साग-मोहाची झाडी आहे, ठाणापाड्याच्या पुढे खैराईचा किल्ला आहे आणि रात्री शहरात कधीच दिसत नाहीत इतके तारे आहेत. सामानाची यादी करताना टॉर्च, पॉवर बँक, मसाला लावलेल्या चिकनचा डबा असे सगळे आठवते. पाण्यासमोर मात्र ‘दोन-दोन बाटल्या’ एवढेच लिहिलेले असते. बाकीचे तिथे मिळेल, असे गृहीत धरलेले असते.

हा भरवसा बहुधा पावसाळ्यातल्या फोटोंवरून आलेला असतो. या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मग पाण्याला काय तोटा, असे वाटते. पण फेब्रुवारी-मार्च उजाडला की इथले ओहोळ आटतात आणि विहिरींचा तळ दिसू लागतो. याचे कारण पायाखालच्या खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर थंड होऊन हा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, तयार झाला. वाळूत किंवा नदीच्या गाळात कणाकणांमधल्या पोकळीत पाणी साठते. बसाल्टच्या अखंड थरात अशी पोकळी जवळजवळ नसते. पाणी मुरते ते फक्त भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. त्यात जमीन उताराची आणि मातीचा थर पातळ. त्यामुळे पडलेल्या पावसाचा मोठा भाग नद्यांमधून पश्चिमेकडे निघून जातो. चार महिने धबधब्यांचा असलेला हा प्रदेश पुढच्या सहा महिन्यांत तंबूवाल्यांसाठी जवळपास वाळवंटासारखा होतो. सागाची पाने गळालेली असतात, त्यामुळे सावलीही मिळत नाही.

इथल्या लोकांसाठी हे काही नवे नाही. हरसूल परिसरातल्या खरशेत ग्रामपंचायतीतील शेंद्रीपाड्याच्या बाया तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून पाणी आणत. त्यांचे फोटो सर्वत्र पोहोचल्यावर २०२२ च्या जानेवारीत तिथे लोखंडी साकव बसवण्यात आला. त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो वाहून गेला. पाड्यावरच्या विहिरीतून ‘एक कॅन भरून घेऊ का?’ असे विचारले, तर इथली माणसे नाही म्हणणार नाहीत. म्हणूनच तो प्रश्न विचारायची वेळ येऊ नये, असे नियोजन हवे.

हिशेब सोपा आहे. हिवाळ्यात दिवसभर चालणाऱ्या माणसाला पिण्यासाठी तीन-चार लिटर पाणी लागते. मार्चनंतर उन्हात चढण असेल तर पाच-सहा लिटरही लागू शकते. स्वयंपाक, हात धुणे आणि भांडी यांसाठी काटकसरीने आणखी दीड-दोन लिटर धरावे. हिवाळ्यातल्या सहलीसाठी दरडोई रोज पाच लिटर धरले, तरी चौघांना दोन दिवसांसाठी ४० लिटर होतात. लिटरचे वजन एक किलो, म्हणजे हे ४० किलो झाले. एवढे ओझे पाठीवर घेऊन कुणी किल्ला चढत नाही. त्यामुळे या मोसमात तंबू कुठे लावायचा हे नजारा पाहून ठरवता येत नाही. गाडी जिथवर जाते, तिथवर तंबू. वीस लिटरचे दोन जार नाशिकहून किंवा हरसूलच्या बाजारातून भरून घ्यावेत आणि तिसरा जार गाडीत न उघडता ठेवावा. या तिसऱ्याचे काम पुढे येईल.

एवढे पाणी जाते कुठे? उन्हात चढताना माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो. शरीर थंड होते ते घाम आल्यामुळे नव्हे, तर तो वाळल्यामुळे. मुंबईच्या दमट हवेत घाम अंगावर निथळतो, म्हणून तो लक्षात येतो. कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो. ‘आपल्याला घामच आला नाही’ म्हणणाऱ्याच्या शर्टावर पांढरे मिठाचे नकाशे मात्र उमटलेले असतात. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले, तरी दम लवकर लागतो आणि लक्ष विचलित होते. तहान लागेपर्यंत थांबावे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा लघवीचा रंग पाहावा. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद असेल किंवा सकाळपासून झालीच नसेल, तर चालणे थांबवावे.

याच्या उलट चूकही होते. काही जण भीतीपोटी नुसते साधे पाणी पीत राहतात. घामातून मीठही गेलेले असते, त्यामुळे रक्तातील सोडियम उतरते. मग डोके दुखते, मळमळते, आणि प्रकरण वाढले तर झटके येतात. लांब चालीत पाण्याबरोबर खारे शेंगदाणे, चटणी-भाकरी, ताक असे काही पोटात गेले की बहुतेकांचे भागते. ओआरएसची पाकिटे जवळ असावीत. मोठे पाकीट बरोबर एका लिटरसाठी असते. अर्ध्या बाटलीत ते कालवले तर द्रावण जास्त तीव्र होते आणि फायद्याऐवजी त्रास होतो. चवीसाठी जास्तीची साखरही घालू नये. दारूबद्दलही सांगायला हवे, कारण तंबूच्या सामानात ती अनेकदा पाण्याच्या आधी चढते. मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला सांगणारे संप्रेरक दारूने दबते. रात्री प्यायलेला माणूस सकाळी किल्ल्याकडे निघतो तो आधीच कोरडा पडून.

एप्रिल-मेमध्ये हरसूलच्या माळावर मुक्काम करूच नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे. शरीराला उन्हाची सवय होते, पण त्याला एक-दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातील द्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. आठवडाभर वातानुकूलित कचेरीत बसून शनिवारी दुपारी कातळ चढणाऱ्याला ही सवलत मिळत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे, मधुमेही, वयस्कर आणि लहान मुले यांना धोका अधिक. गोळ्या मनाने बंद न करता डॉक्टरांना आधी विचारावे.

उन्हातून आलेला साथीदार असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा अंग तापून त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेले असू शकते. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असे धरू नये. चालण्यातून झालेल्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. गाडीतला तिसरा जार इथे उघडायचा. सावलीत झोपवून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतत राहावे आणि चादरीने जोरात वारा घालावा. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग होत नाही. थंड करणे आधी आणि गाडी नंतर, पण दोन्हीत वेळ दवडू नये.

नेलेले पाणी संपलेच आणि झऱ्याचे घ्यावे लागले, तर ते फडक्याने गाळून खळखळून उकळावे. उकळी फुटल्यावर मिनिटभर पुरते. किल्ल्यावरच्या टाक्यातले पाणी कितीही निवळशंख दिसले, तरी हाच नियम. झरा उघड्या कातळातून येतो म्हणून शुद्ध, ही समजूत चुकीची आहे. वाळूच्या थरातून झिरपताना पाणी गाळले जाते, बसाल्टच्या भेगेतून मात्र ते सरळ वाहते. वरच्या अंगाला कुणी उघड्यावर बसले असेल, तर ती घाण फारशी न गाळता झऱ्यात, विहिरीत उतरू शकते. कावीळ, विषमज्वर, जुलाब यांची वाट तीच. म्हणून शौचाला पाण्यापासून निदान ६० मीटर दूर जावे, वीतभर खोल खड्डा करून बुजवावा आणि टिश्यू पेपर, सॅनिटरी पॅड परत न्यावेत. वीतभर माती असलेली जागा कातळावर सहज सापडत नाही. ती अंधार पडायच्या आधी शोधून ठेवावी.

रात्रीचे थोडक्यात. कोरड्या, निरभ्र हवेत जमिनीची उष्णता भराभर आकाशात निघून जाते. दुपारी तिशीत असलेला पारा पहाटे दहा अंशांपर्यंत उतरू शकतो. उन्हाच्या तयारीने गेलेले लोक थंडीने जागे राहतात ते यामुळेच. जमिनीवर उघड्यावर झोपू नये. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश अनेकदा जाणवतही नाही. तळ शिवलेला, चेन लागणारा तंबू किंवा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हा साधा आणि चांगला बचाव आहे. सकाळी बूट झटकूनच पाय घालावेत. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे आणला तो महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. पण ते औषध डॉक्टरांनीच द्यायचे असते. सर्पदंशात चिरा देणे, आवळून बांधणे, तोंडाने ओढणे यांत फक्त वेळ जातो. हातपाय न हलवता माणसाला रुग्णालयात पोहोचवावे.

शेकोटीचा मोह आवरावा. फेब्रुवारीनंतर सागाच्या पाचोळ्यात एक ठिणगी पडली तरी वणवा लागतो, आणि राखीव वनात आग पेटवणे हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. मोकळा माळ म्हणजे बिनमालकाचा माळ नव्हे. तो वनखात्याचा असतो, गावाच्या सामूहिक हक्काचा असतो किंवा कुणाच्या तरी वरईचे शेत असतो. निघण्याआधी हरसूलच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात परवानगी विचारावी. हरसूलच्याच ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का, हेही विचारून ठेवावे. दऱ्यांमध्ये मोबाइलची रेंज जाते. शेवटची रेंज कुठे मिळाली ते येतानाच लक्षात ठेवावे, म्हणजे १०८ लावण्यासाठी रात्री कुठवर चालायचे ते ठाऊक असते. मुक्काम कुठे आणि परत कधी, हे जवळच्या पाड्यावर एका घरी सांगून ठेवावे.