रस्त्यावरची चित्रलिपी

दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेने अकरा भाषांना राजभाषेचे स्थान दिले आणि २०२३ मध्ये कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषेला बारावी राजभाषा म्हणून मान्यता मिळाली. अशा देशात धावत्या वाहनाच्या चालकाला सावध करावे तरी कोणत्या भाषेत? उत्तर एकच : चित्रांच्या.

आपल्याप्रमाणेच तेथेही वाहने डावीकडून चालतात. फलकावरचे चित्र दिसण्यापूर्वी त्याचा आकार बोलतो. लाल काठाचा पांढरा त्रिकोण म्हणजे ‘सावधान’. त्यात कधी कुडू हरीण दिसते, कधी हत्ती, तर कधी पाणघोडा. लाल कड्याचे वर्तुळ मनाई किंवा मर्यादा सांगते, निळे वर्तुळ आज्ञा देते. ‘थांबा’चा अष्टकोन आणि ‘वाट द्या’चा उलटा त्रिकोण धुळीने माखले तरी ओळखू येतात. रस्त्याचे काम चालू असेल तेथे फलकाची पार्श्वभूमी पिवळी होते.

शेजारच्या बोट्स्वानात इशाऱ्याचे त्रिकोण दीर्घकाळ निळ्या पार्श्वभूमीचे होते. २०१० नंतरच्या दशकात तेथे शेजारी देशांप्रमाणे पांढरे फलक लावण्यास आरंभ झाला. सीमा ओलांडताच रंगाचा अर्थ बदलू नये, हे शहाणपण औषधांच्या कुप्या हाताळणाऱ्या आपणा डॉक्टरांना वेगळे सांगायला नको.

बालरोगतज्ज्ञ म्हणून माझे लक्ष वेधले जाते ते मुलांच्या आकृती असलेल्या त्रिकोणाकडे. वेगळा फलक नसेल तर दक्षिण आफ्रिकेत शहरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरची मर्यादा असते. या वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच एवढे अंतर सरलेले असते. ताशी ४० किलोमीटरला ते ११ मीटरवर येते. उभ्या मोटारीमागून चेंडूपाठी धावणारे मूल चालकाला दिसत नाही, आणि साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत त्याला येणाऱ्या वाहनाचा वेगही नीट जोखता येत नाही.

वेगमर्यादा ही औषधाच्या कमाल मात्रेसारखी असते. ती गाठलीच पाहिजे असे नाही. प्रौढाची मात्रा आपण बालकाला कधी देत नाही. मग शाळेजवळ वेगाची मात्रा कमी करायला का विसरावे? तो त्रिकोण मुलाला वाचता येत नाही. तो वाचण्याची जबाबदारी सुकाणू हाती असलेल्या मोठ्या माणसाची आहे, मग रस्ता प्रिटोरियाचा असो वा आपल्या गावचा.