रिव्हॉल्व्हरची मूठ : सोय आणि सुरक्षितता

आत्मसंरक्षणासाठी रीतसर परवाना घेऊन लहान रिव्हॉल्व्हर बाळगणाऱ्यांचे लक्ष बहुधा नळी व काडतुसे यांकडे असते; मुठीचा विचार क्वचितच होतो. वास्तविक नेम आणि ताबा ही दोन्ही मुठीवरच अवलंबून असतात.

कानपूर येथील आयुध निर्माणीने २०१४ साली प्रामुख्याने महिलांसाठी 'निर्भीक' हे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आहे. शस्त्र जितके हलके, तितका गोळी सुटतानाचा धक्का हाताला अधिक जाणवतो. मूठ आखूड असल्यास करंगळीला आधार मिळत नाही व शस्त्र हातात फिरते. ती फार जाड असल्यास तर्जनी चापापर्यंत नीट पोहोचत नाही व चाप ओढताना नेम ढळतो. रबरी मूठ धक्का सौम्य करते, घामेजल्या हातातूनही सहसा निसटत नाही. मात्र कपड्यात अडकते. गुळगुळीत लाकडी मूठ कपड्यांत अडकत नाही, परंतु धक्का हातालाच सोसावा लागतो.

शस्त्र नियम, २०१६ अन्वये सार्वजनिक ठिकाणी असे शस्त्र पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे लागते. म्हणून केवळ लपविण्याच्या सोयीसाठी ताबा सुटेल इतकी लहान मूठ घेऊ नये. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करून, परवानाधारक विक्रेत्याकडेच मूठ हाती धरून पाहावी व तेथेच बदलून घ्यावी. नेम चुकलेली गोळी निरपराध्याचा जीव घेऊ शकते, याचे भान प्रत्येक परवानाधारकाने ठेवणे अगत्याचे आहे.